इंग्रजींतील पूर्ण वर्तमानकाळ

इंग्रजींतील पूर्ण वर्तमानकाळाचें रूप साधणें कठीण नाहीं. कर्ता ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकवचनी नाम असल्यास ‘हॅज’, एरवीं ‘हॅव’ घ्यावें आणि त्यापुढें क्रियापदाचें तिसरें रूप ठेवावें: ‘ही हॅज गॉन’, ‘वी हॅव सीन’. आपण ‘आंबा खाल्ला आहे’, ‘पोळी खाल्ली आहे’ असें कर्माप्रमाणें क्रियापद फिरवितों. इंग्रजींतील ‘ईटन’ मात्र कशानेंही बदलत नाहीं. ‘आहे’ या शब्दास भुलून कोणीं ‘आय ॲम ईटन’ लिहिलें, तर लिहिणाराच खाल्ला गेला असा अर्थ होईल!

खरी अडचण प्रयोगांत आहे, आणि तिचें मूळ आमच्या मतें मराठींतच आहे. ‘तो काल पुण्यास गेला आहे’ हें मराठी वाक्य निर्दोष होय. इंग्रजींत मात्र ‘ही हॅज गॉन टु पुणे यस्टरडे’ चालत नाहीं. ‘ही वेन्ट’ असेंच म्हटलें पाहिजे. ‘हॅव’ हें क्रियेस आजच्या क्षणाशीं बांधतें; म्हणून सरून गेलेला काळ नांवानिशीं सांगितला कीं त्यास जागा उरत नाहीं.

परळ-लालबागचें उदाहरण घेऊं. गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झाला: ‘द स्ट्राइक बिगॅन इन 1982’. येथें ‘हॅज बिगन’ अशुद्ध. परंतु ‘मेनी मिल्स हॅव क्लोज्ड’ हें योग्य; कारण वर्ष सांगितलेलें नाहीं, आणि गिरण्यांच्या जागीं उभे राहिलेले मनोरे आज डोळ्यांपुढें आहेत.

आतां एखादा विद्यार्थी निबंधांत लिहितो, ‘माय ग्रँडफादर हॅज वर्क्ड इन अ मिल फॉर थर्टी इयर्स’. त्याच्या मनांत ‘आजोबांनीं तीस वर्षें गिरणींत काम केलें आहे’ हें सरळ मराठी वाक्य असतें. पण इंग्रज वाचक समजेल कीं, भोंगा अजून वाजतो आणि आजोबा आजही पाळीला निघतात. तेथें नुसतें ‘वर्क्ड’ हवें.

याच्या उलट, ‘आम्ही दहा वर्षें दादरला राहतों’ यांत मराठी साध्या वर्तमानकाळावर भागवितें. इंग्रजींत ‘वी हॅव लिव्ड इन दादर फॉर टेन इयर्स’ असें लागतें. वर्षें मोजतांना ‘फॉर’, आरंभ सांगतांना ‘सिन्स’. ‘सिन्स टेन इयर्स’ हें मुंबईंत पदोपदीं ऐकूं येतें, तरी तें अशुद्धच. ‘सिन्स 2015’ असें मात्र खुशाल लिहावें. वर्ष सांगूनही येथें ‘हॅव’ चालतें, कारण ‘सिन्स’ त्या वर्षापासून आजपर्यंतचा सारा काळ दाखवितें.