मूल आहे तिथून शिकवणे

ग्रामीण भारतात तिसरीच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची साधी गोष्ट वाचता येणारी मुले २०२४ मध्ये २७.१ टक्के होती, आणि पाचवीत ४८.८ टक्के. ही आकडेवारी ‘असर’ या अहवालातली आहे. त्यासाठी कार्यकर्ते घरोघरी जातात आणि मुलापुढे एक कागद ठेवतात. त्यावर काही अक्षरे, काही शब्द, चार ओळींचा एक उतारा आणि एक छोटी गोष्ट असते. मूल यातले कुठपर्यंत वाचते, एवढेच पाहायचे असते. त्याच अहवालानुसार ६ ते १४ वयोगटातली ९८ टक्क्यांहून अधिक मुले शाळेत दाखल आहेत. म्हणजे मुलांना शाळेपर्यंत आणण्याचे काम देशाने बहुतांशी पार पाडले. तरीही पाच वर्षे शाळेत जाऊन निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, ही लहानसहान उणीव नाही. याचे खापर आपण सहसा शिक्षकांवर, नाहीतर पालकांच्या अडाणीपणावर, नाहीतर अपुऱ्या सोयींवर फोडतो. गेल्या काही दशकांत झालेले प्रयोग मात्र वेगळ्याच कारणाकडे बोट दाखवतात: शाळेत शिकवले जाते ते इयत्तेला, आणि समोरचे मूल त्या इयत्तेच्या पातळीवर असेलच असे नाही.

चौथीच्या वर्गात चौथीचे पुस्तक उघडले जाते. वर्गातल्या काही मुलांना ते वाचता येते, काही जण जोडाक्षरांपाशी अडखळतात, तर काहींना अजून काना-मात्राही नीट कळत नाही. शिक्षक धडा पुढे नेतात, कारण वर्षअखेर तो संपला पाहिजे, आणि जी मुले मान डोलावतात त्यांच्याकडे पाहूनच त्यांचे शिकवणे चालू राहते. उरलेल्यांसाठी तो तास नुसता आवाज असतो. केनियात १९९० च्या दशकात काही ग्रामीण शाळांना मोफत पाठ्यपुस्तके देऊन पाहिली, तेव्हा आधीपासून हुशार असलेल्या मुलांचेच गुण वाढले. पुस्तके इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा होती. पुस्तक हातात आले, पण ते बहुसंख्य मुलांसाठी लिहिलेलेच नव्हते.

आपल्याकडच्या एका प्रयोगाची सुरुवात मुंबईच्या वस्त्यांमधून झाली. १९९५ पासून काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांमध्ये ‘बालसखी’ नेमल्या. त्या बहुधा त्याच वस्तीतल्या, शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेल्या तरुणी असत आणि त्यांचे मानधनही अगदी तुटपुंजे होते. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले त्या रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन बसत आणि वाचन व हिशेब पायापासून शिकवत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचा परिणाम काटेकोरपणे मोजला. बालसखी मिळालेल्या शाळांमधली मुले स्पष्टपणे पुढे गेली, आणि सर्वांत मागे असलेल्यांनी सर्वांत जास्त मजल मारली. या अभ्यासातली दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. वीस-एक मुले बालसखीकडे गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला होता. तिथे उरलेल्या मुलांना प्रशिक्षित, अनुभवी शिक्षक होते आणि आता गर्दीही कमी होती, तरी त्यांच्या शिकण्यात फरक पडला नाही. वर्ग लहान झाला, पण शिकवण्याची रीत तीच राहिली. पटसंख्या कमी करा म्हणजे सगळे सुधारेल, या नेहमीच्या उपायाबद्दल यातून थोडे सावध व्हायला हवे.

ही रीत पुढे अनेक राज्यांत गेली. तिच्यात यंत्रसामग्री जवळजवळ नाही. आधी प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून पाच मिनिटांत पाहायचे, की ते अक्षरावर आहे, शब्दावर, उताऱ्यावर की गोष्टीवर; एकेरी अंकावर आहे की हातच्याच्या वजाबाकीवर. मग तिसरी ते पाचवीची मुले दिवसातला एक-दोन तास इयत्ता विसरून या पातळ्यांप्रमाणे बसवायची. अक्षर-गटात बाराखडीचा तक्ता, गाणी, जमिनीवर खडूने लिहिणे, शब्दांचे खेळ. वरच्या गटात गोष्ट मोठ्याने वाचणे, तिच्यावर बोलणे, आपल्या शब्दांत लिहिणे. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचे आणि मुलाला पुढच्या गटात न्यायचे. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये अशी शिबिरे शाळेतच, वर्षभरात विखरून मिळून चाळीस-पन्नास दिवस भरली. जिथे ती झाली तिथे उतारा वा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण इतर शाळांच्या तुलनेत जवळपास दुप्पट झाले. कित्येक वर्षांत जे झाले नव्हते ते पन्नास दिवसांत झाले, याचा अर्थ मुलांमध्ये कुवत होती आणि ती वापरली जात नव्हती.

आता यावर पहिला आक्षेप शिक्षकांविषयीच घेतला जातो: हे स्वयंसेवक करतात, पगारी शिक्षक करणार नाहीत. बिहारमध्ये या प्रश्नाचा थेट तपास झाला. २००८ च्या उन्हाळी सुट्टीत सरकारी शिक्षकांनीच मागे पडलेल्या मुलांचे महिनाभराचे वर्ग याच पद्धतीने घेतले, आणि तेवढ्यात मुलांच्या वाचनात व गणितात मोजता येण्यासारखी वाढ झाली. पण त्याच राज्यात शिक्षकांना प्रशिक्षण व साहित्य देऊन नेहमीच्या शालेय वर्षात ही पद्धत वापरायला सांगितली, तेव्हा तेवढ्याने जवळजवळ काहीच हाती लागले नाही. शिक्षक तसेच, पद्धत तीच. फरक एवढाच, की सुट्टीत त्यांच्यामागे पुस्तक संपवण्याचा धोशा नव्हता आणि शालेय वर्षात तो सतत होता. हरियाणात २०१२-१३ मध्ये हे ओळखून वेळापत्रकातच एक तास वेगळा काढला. त्या तासाला पाठ्यपुस्तक उघडायचे नाही, मुले पातळीप्रमाणे बसवायची, असे शासनानेच सांगितले. शाळांना भेटी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना असे शिकवून पाहिले, म्हणजे त्यांची भेट रजिस्टर तपासण्यापुरती उरली नाही. तिथे नियमित शिक्षकांच्या हातून मुलांचे वाचन सुधारले. भर भाषेवर होता, त्यामुळे गणितात फरक दिसला नाही. जे शिकवाल तेच मूल शिकेल, हेही यातून कळते. म्हणून ‘शिक्षकांना शिकवायचेच नसते’ हा सरसकट आरोप मला अन्यायकारक वाटतो. व्यवस्था ज्या कामाची विचारणा करते ते काम माणूस करतो, आणि आपली व्यवस्था ‘कितवा धडा चालू आहे’ एवढेच विचारत आली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांचे असे गट पाडले तर ‘ढ’ मुलांचा गट कायमचा ढ ठरणार नाही का? आपल्या समाजात ही भीती पोकळ नाही. तुकड्या पाडून ‘अ’ आणि ‘ड’ अशी अक्षरे मुलांच्या कपाळी लिहिणाऱ्या शाळांनी पुष्कळ नुकसान केले आहे. पण तुकडी वर्षभर टिकते आणि एकूण गुणांवर ठरते. इथला गट दिवसातल्या तासा-दोन तासांचा, एका कौशल्यापुरता आणि काही आठवड्यांत बदलणारा असतो. भाषेत मागे असलेले मूल गणितात वरच्या गटात बसू शकते. केनियात पहिलीच्या वर्गांची पातळीनुसार विभागणी करून पाहिली, तेव्हा वरच्या आणि खालच्या दोन्ही वर्गांतल्या मुलांची प्रगती न विभागलेल्या वर्गांपेक्षा अधिक झाली, कारण शिक्षकाला समोरच्या मुलांकडे पाहून शिकवता आले. गट न पाडता मागच्या बाकावर तसेच बसवून ठेवणे, हा मुलाच्या मानाचा सांभाळ म्हणता येत नाही. तिथेही त्याच्यावर शिक्का बसतोच, वर शिकणेही होत नाही.

शिक्षण म्हणजे काय नुसते वाचन आणि वजाबाकी, असेही विचारले जाते. नाहीच. जिज्ञासा, धीटपणा, माणूसपण घडवण्यात शिक्षकाचा वाटा कोणत्याही चाचणीत मावत नाही. पण वाचता न येणाऱ्या मुलापुढे इतिहास, विज्ञान, कविता ही सगळी दारे बंद असतात, आणि वर्षानुवर्षे काही न कळता बसून राहिलेले मूल धीट होत नाही. शिवाय मुलाची पातळी तपासताना शिक्षक त्याच्याशी एकेकटे बसून बोलतात, हाच नात्याचा आरंभ असतो. महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे आदिवासी मुले गुरे चारायला जातात तिथेच कुरणशाळा भरवली. मूल जिथे असेल तिथे शाळेने जायचे, हा विचार त्यांनी कृतीत आणला होता.

शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची दोन कर्तव्ये शेजारी-शेजारी लिहिली आहेत: ठरल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे. पहिल्याची झाडाझडती होते, दुसऱ्याची कोणी विचारपूस करत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे, यासाठी २०२६-२७ हे लक्ष्यवर्ष ठरवले. ‘असर’नुसार ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या दुसरीची गोष्ट वाचता येणाऱ्या मुलांचा आकडा २०२२ मधल्या १६.३ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २३.४ वर आला, ही चांगली हालचाल आहे, पण लक्ष्यापासून फार दूर आहे. शिक्षकांना सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे आणि पोषण आहाराच्या हिशेबांतून मोकळे करून रोजचा एक तास खरोखर हाती दिला नाही, तर हे अभियानही फलकांवरच राहील.

त्याच कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा पोर्शन किती झाला हे विचारू नका. तिसरी ते पाचवीतली किती मुले गोष्ट वाचतात, किती अजून अक्षरावर आहेत आणि त्यांच्यासाठी वेळापत्रकात कोणता तास ठेवला आहे, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक बैठकीत विचारा, आणि तो तास मिळवण्यासाठी शिक्षकांच्या बाजूने उभे राहा.