ताई ची : आजन्म साधनेविषयीचे गैरसमज

चिनी शहरांच्या उद्यानांत पहाटे मंद गतीने हातपाय हलविणाऱ्या वृद्धांची छायाचित्रे आपल्या परिचयाची झाल्यापासून ताई ची या युद्धकलेविषयी असा एक ग्रह आपल्याकडे रूढ झाला आहे की, हा उतारवयातील सौम्य व्यायाम असून, जो मनुष्य तो तीस-चाळीस वर्षे नेमाने करतो, तो दीर्घायुष्याच्या लोभानेच करीत असला पाहिजे. हा ग्रह सकृद्दर्शनी सयुक्तिक वाटतो; इतिहासाचा दाखला मात्र त्याच्या विरुद्ध पडतो.

वूडांग पर्वतावरील चांग सानफंग नामक अमर योग्याला ही विद्या स्फुरली, ही आख्यायिका चीनमध्येही लोकप्रिय आहे. तथापि तांग हाव या इतिहाससंशोधकाने १९३० च्या सुमारास होनान प्रांतातील चेनजियागोउ या गावी जाऊन, चेन घराण्याची कुलवृत्ते चाळून, तिचे जनकत्व सतराव्या शतकातील चेन वांगतिंग या लष्करी पेशाच्या पुरुषाकडे दिले. या निष्कर्षावर आजही वाद होतात; परंतु पुढचा इतिहास निःसंदिग्ध आहे. याच गावी चेन चांगशिंगच्या हाताखाली शिकलेल्या यांग लूछानने (१७९९–१८७२) पेइचिंगला जाऊन मांचू सरदारांना आणि राजवाड्याच्या शिपायांना तालीम दिली, आणि दरबारी पहाऱ्यावरील शिपायांना निवृत्तांचा व्यायाम कोणी शिकवीत नसतो. आज दिसणारी संथ, एकसारखी गती बव्हंशी लूछानचा नातू यांग छंगफू याने रूढ केली, आणि १९५६ मध्ये सरकारी क्रीडा आयोगाने चोवीस आकृतींचा सुटसुटीत क्रम तयार करविल्यावर ती घरोघर पोहोचली. चेन परंपरेत अकस्मात मारलेले जोरकस ठोसे आणि जमीन हादरविणारे पदाघात अद्याप कायम आहेत.

दुसरा समज असा की, आकृतींचा क्रम पाठ झाला म्हणजे विद्या हस्तगत झाली. वस्तुतः तेथे केवळ दप्तर उघडते. शंभराच्या आसपास आकृतींचा दीर्घ क्रम पाठ करावयास वर्ष-दोन वर्षे पुरतात. परंतु हात उचलताना खांदा आपल्या नकळत आखडतो, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेताना कंबर मागे रेंगाळते, आणि हे दोष शिकणाऱ्यास कैक वर्षे जाणवतच नाहीत, कारण ते जाणवण्याइतकी सूक्ष्म संवेदना त्याच साधनेतून हळूहळू उत्पन्न व्हावयाची असते. मुरलेला गवई भल्या पहाटे पुन्हा षड्जच लावीत बसतो, तो षड्ज येत नाही म्हणून नव्हे. तद्वतच येथेही पहिली आकृती कधी जुनी होत नाही. त्यातही खरी कसोटी ‘तुइशौ’ या जोडीने करावयाच्या अभ्यासात लागते. दोघे मनगटाला मनगट भिडवून उभे राहतात आणि समोरच्याचा तोल कोठे आहे हे डोळ्यांनी नव्हे तर त्वचेने ओळखू पाहतात. तेथे बळाचा जोर करणारा तरुण स्वतःच्याच जोराने कोलमडतो, आणि त्याला कोलमडविणारा प्रौढ आपल्याहून मुरलेल्या साधकापुढे तितकाच हतबल ठरतो. माझ्या मते आजन्म चिकाटीचे खरे कारण हेच आहे : दोष संपत नाहीत, ते अधिकाधिक बारीक होत जातात, आणि बारीक दोष शोधण्यात एक निराळाच आनंद असतो.

वरच्या श्रेणीच्या ओढीने साधक टिकून राहतो, असे म्हणावे, तर रंगीत पट्ट्यांची चढती श्रेणी ही जपानी जूदोची देणगी होय. जुन्या चिनी घराण्यांत तिचा मागमूस नव्हता. तेथे गुरूपुढे नतमस्तक होऊन, त्याला चहा अर्पण करून शिष्य परंपरेत दाखल होई, आणि ते नाते मग सहसा तुटत नसे. १९२८ मध्ये पेइचिंगला आलेला चेन घराण्याचा गुरू चेन फाके १९५७ मध्ये निधन पावेपर्यंत तेथेच शिकवीत राहिला.

राहता राहिला दीर्घायुष्याचा मुद्दा. यांग छंगफू, ज्याच्या संथ गतीवर या भाबड्या आशेची सारी मदार आहे, तो १८८३ मध्ये जन्मला आणि १९३६ मध्ये वारला. याचा अर्थ शरीराला लाभच नाही, असा नव्हे. क्षयाने जर्जर झालेल्या, छंगफूचाच शिष्य असलेल्या चंग मानछिंगने याच साधनेने प्रकृती सुधारल्याचे सांगितले, आणि पुढे न्यूयॉर्कपर्यंत तिचा प्रसार केला. कंपवाताच्या १९५ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून दोनदा याप्रमाणे चोवीस आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. वजनाचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत मात्र पडण्याच्या बाबतीत त्यांची सरशी सिद्ध झाली नाही.

तेव्हा ज्या वाचकाला प्रारंभ करावयाचा असेल, त्याने शिक्षकास प्रथम तुइशौ शिकविता काय, एवढे विचारावे. आणि शतायुष्याची हमी देणाऱ्याची फी भरू नये.