आकाशात जीव सापडला तर?

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह १९९५ मध्ये सापडला. आज त्यांची संख्या पाच हजारांवर गेली आहे, जीव मात्र अजून कुठेच नाही. सापडला तर ईमान डळमळेल का?

सूरह शूराच्या २९व्या आयतीत आकाशांत व जमिनीत पसरलेल्या सजीवांचा उल्लेख आहे. बाराव्या शतकात, दुर्बीणही नसताना, जग एकच असू शकते हे तत्त्वज्ञांचे म्हणणे इमाम फखरुद्दीन राझींनी नाकारले. अल्लाह लाखो जगे निर्माण करू शकतो, असे मांडले.

तरीही ‘कुरआनने आधीच सांगितले होते’ ही घाई आम्हाला पटत नाही. त्या सजीवांत काही मुफस्सिरांनी फरिश्तेही धरले आहेत. त्या मखलूकसाठी पैगंबर कोण, असे मुले विचारतात, तेव्हा आम्ही ‘वल्लाहु आलम’ म्हणतो.