परदेशातलं बालपण आणि व्यवसायाची निवड

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण 'निवड' या कल्पनेकडे तात्त्विक अंगानं पाहिलं. आज तोच प्रश्न जरा जमिनीवर आणू. आईवडिलांच्या नोकरीपायी ज्यांचं बालपण परदेशात गेलं, ती मुलं मोठेपणी कोणता व्यवसाय धरतात, आणि का?

या विषयाचं मूळ आपल्याच देशात आहे. रूथ हिल युसीम आणि त्यांचे पती जॉन हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९५०च्या दशकात भारतात आले आणि इथं कामानिमित्त राहणाऱ्या अमेरिकनांचा त्यांनी अभ्यास केला. वकिलातीतली, मिशनमधली, कंपन्यांतली ही माणसं. त्यांची मुलं ना आईवडिलांच्या देशात पुरती रुजलेली, ना इथं. रूथबाईंनी त्यांना 'थर्ड कल्चर किड्स' म्हटलं, म्हणजे तिसऱ्या संस्कृतीची मुलं. आपल्याला पटकन त्रिशंकू आठवतो. पण त्रिशंकूला लटकण्यावाचून उद्योग नव्हता, या मुलांना पोट भरायचं असतं.

पुढं १९९०च्या दशकात रूथबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बालपणातून गेलेल्या सुमारे ७०० प्रौढ अमेरिकनांची पाहणी केली. त्यांच्यात पदवीधरांचं प्रमाण सर्वसाधारण अमेरिकनांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. ओढा शिक्षण, वैद्यक अशा व्यवसायांकडे. सरकारी खाती आणि बड्या कंपन्यांत ती कमी. गंमत बघा, ज्या प्रकारच्या नोकऱ्यांनी अनेक घरांना परदेशी नेलं, त्यांच्याकडेच मुलांनी पाठ फिरवली.

आम्ही तर्कशास्त्र शिकवण्यात हयात घालवली, त्यामुळं इथं थांबणं भाग आहे. परदेशी पाठवले जाणारे आईवडील मुळातच शिकलेले असतात. मग मुलगी डॉक्टर झाली ती परदेशामुळं, की घरातल्या पुस्तकांमुळं? नुसत्या आकड्यांवरून हे सुटत नाही.

एक माणूसच घेऊ. एडविन रायशॉअर. जन्म १९१०, टोकियो. आईवडील मिशनरी, शाळाही तिथलीच. पुढं ते हार्वर्डमध्ये जपानचा इतिहास शिकवू लागले आणि १९६१ ते १९६६ जपानमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. भाषा लहानपणी कानावर पडली हा फायदा झालाच. पण आमच्या मते खरी गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या तरुणपणी अमेरिकेत जपानचा अभ्यास हा पोटापाण्याचा व्यवसाय होऊ शकतो, हे फारच थोड्यांच्या डोक्यात येत असेल. रायशॉअरना ती वाट दिसत होती. आपण निवड म्हणतो ती दिसणाऱ्या वाटांमधूनच होते, आणि कोणत्या वाटा दिसतात हे बालपण पुष्कळसं ठरवतं.

पण दिसलेल्या वाटेवर पाऊल टाकता येईलच असं नाही, आणि इथं हे अमेरिकन विवेचन आम्हाला तोकडं वाटतं. रत्नागिरी-रायगडकडून आखातात गेलेली घरं डोळ्यासमोर आणा. मूल मस्कतला किंवा दुबईला वाढतं, सीबीएसईच्या शाळेत शिकतं, सुट्टीला कोकणात येतं. पण तिथलं नागरिकत्व त्याला जवळजवळ कधीच मिळत नाही. घराचा मुक्काम आईच्या किंवा वडिलांच्या नोकरीवर. नोकरी गेली की व्हिसा गेला. हे त्या पोराला दहाव्या वर्षीच ठाऊक असतं. 'तुझं गाव कोणतं?' या आपल्या नेहमीच्या प्रश्नाला ते अडखळतं ते उगाच नाही.

अशा घरात व्यवसायाची चर्चा कशी चालते? आवड काय, हा प्रश्न मागाहून येतो. आधी हा, की कोणती पदवी कुठल्याही देशात चालेल? म्हणून इंजिनिअरिंग, हिशेबाची कामं, नर्सिंग. आपल्या एनआयटींमध्येही आखाती नोकरदारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत. म्हणजे ही वाट सरकारनंच आखून दिलेली. रायशॉअरना परत जायला एक देश होता, भक्कम पासपोर्ट होता. त्यामुळं जपानच्या इतिहासासारखा, बाजारात फारशी किंमत नसलेला विषय धरणं त्यांना परवडलं.

आखातात वाढलेली काही मुलं आमच्या वर्गातही आली. बहुतेक सगळी आधी इंजिनिअर झालेली, चार-पाच वर्षं नोकरी केलेली, थोडी शिल्लक गाठीशी बांधून मग तत्त्वज्ञानाकडे वळलेली. बारावीनंतर थेट आलेलं एकही नाही.