जुन्या फडक्याचे मोल
गॅरेज व वॉशिंग सेंटर चालविणाऱ्या बांधवांसाठी

मोटारीच्या धंद्यावर आपल्या कितीतरी बांधवांचा संसार उभा आहे. कुणी मेकॅनिक आहे, कुणी डेंटिंग-पेंटिंगचा उस्ताद आहे, कुणी गाड्या धुण्याचे सेंटर चालवितो, तर कुणी स्वतःच टॅक्सी चालवून ती रोज पहाटे पुसतो. जागेचे भाडे, विजेचे बिल, कॉम्प्रेसरची दुरुस्ती या मोठ्या खर्चांकडे सगळ्यांचे लक्ष असते. फडक्याकडे मात्र कुणी बघत नाही. वस्तुतः गिऱ्हाइकाच्या गाडीला शेवटचा हात लागतो तो फडक्याचाच. दिवसभर खपून केलेले रबिंग-पॉलिश एका कचकचीत फडक्याने दोन मिनिटांत मातीमोल होते. काळ्या किंवा गडद रंगाच्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसू लागले की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पायरी चढत नाही, आणि चार लोकांना सांगतो ते वेगळेच.

म्हणून या अंकात आम्ही मायक्रोफायबरच्या फडक्यांविषयी चार उपयोगी गोष्टी देत आहोत.

हे फडके आहे तरी काय?

मायक्रोफायबर म्हणजे एक डेनिअरपेक्षाही बारीक असा कृत्रिम धागा. 9000 मीटर धाग्याचे वजन एक ग्रॅम भरले तर तो एक डेनिअरचा. यावरून त्याची नजाकत लक्षात यावी. जपानच्या तोरे कंपनीतील मियोशी ओकामोतो यांनी 1970 मध्ये अशा अतिसूक्ष्म धाग्यापासून कृत्रिम कातडे तयार केले. पुढे साफसफाईच्या फडक्यांसाठीही सूक्ष्म धाग्याचा प्रसार झाला. आज बाजारात मिळणाऱ्या फडक्यांत बहुधा 80 टक्के पॉलिस्टर व 20 टक्के पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचा धागा असतो. काहींत हे प्रमाण 70-30 असते. धागा चिरून त्याच्या बारीक फाका केलेल्या असतात. या फाकांच्या फटींत धूळ अडकते व पाणी शोषले जाते. बनियनच्या कापडाची चिंधी धूळ इकडून तिकडे ढकलते, हे फडके ती उचलते.

गुण तोच दोषही आहे. उचललेली धूळ फडक्यातच बसून राहते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. आजकालच्या गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोटचा जो पारदर्शक थर असतो, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. न धुतलेले फडके या थरावर फिरविणे म्हणजे पॉलिश पेपर फिरविणेच होय.

धुण्याची रीत

प्रथम फडकी वेगवेगळी करावीत. बॉडीची एकीकडे, काचेची व आतल्या भागाची दुसरीकडे, चाकांची व इंजिनाची तिसरीकडे. तिन्ही एकत्र धुतली तर चाकांवरील ब्रेकची लोखंडी पूड बॉडीच्या फडक्यात शिरते. सुती कपड्यांबरोबर तर ही फडकी कधीच धुऊ नयेत. सुताचे तंतू त्यात अडकतात आणि मग काचेवर लव उतरते.

फडके झटकून आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यावे. नंतर कोमट पाण्यात पातळ साबण घालून अर्धा तास भिजत ठेवावे. हाताला सोसेल इतपतच पाणी गरम असावे, 40 अंशांच्या वर नको. साबणाची पावडर वापरू नये. ती नीट विरघळली नाही तर तिचे कण धाग्यात राहतात. पॉलिश किंवा मेणाचा चिकटा असेल तर भांडी घासण्याचा पातळ साबण थेट डागावर चोळावा. पॉलिश वाळून कडक झाले की सहसा निघत नाही. म्हणून काम संपताच फडके पाण्याच्या बादलीत टाकण्याची सवय पोरांना लावावी.

फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावे. राहिलेला साबण पुढे काचेवर पट्टे उमटवितो. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालण्यास हरकत नाही.

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, कपडे मऊ करणारे कंडिशनर. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि फडके पाणी शोषेनासे होते. दुसरी, ब्लीच, त्याने नायलॉनचा धागा कुजतो, आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र आले तर विषारी वायू निघतो. तिसरी, इस्त्री व कडक गरम ड्रायर. उष्णतेने धाग्याची टोके आखडतात आणि मऊ फडके खरखरीत होते.

वाळविणे व ठेवणे

फडके सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. आपल्या गॅरेजांत एकाच जागेत लांबी घासण्याचे काम चालते व तिथेच दोरीवर फडकी वाळत असतात. लांबीची पूड ओल्या फडक्यावर बसली की धुतल्याचा सगळा उपयोग संपला. दोरी दुसरीकडे बांधावी. पावसाळ्यात फडकी ओलसरच घडी करून ठेवू नयेत. पंख्याखाली पसरून पूर्ण वाळू द्यावीत, नाहीतर कुबट वास लागतो व बुरशी धरते.

वाळलेली फडकी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावीत. हत्यारांच्या पेटीत किंवा उघड्या फळीवर नकोत. नवीन फडके आणल्यावर त्याची चिठ्ठी कापून ते एकदा धुऊनच वापरात घ्यावे. जमिनीवर पडलेले फडके, मग ते एकदाच का पडलेले असेना, धुतल्याशिवाय बॉडीला लावू नये.

समजा, एका सेंटरवर दिवसाला 10 गाड्या येतात व प्रत्येकीला 4 फडकी लागतात. रोजची 40 झाली. 40 वापरात, 40 दोरीवर आणि 40 डब्यात, अशी 120 फडकी असली की घाईगर्दीत मळके फडके हाती घेण्याची वेळ येणार नाही. फडके दोनदा दुमडले की त्याच्या आठ बाजू वापरता येतात, हेही कामगारांना शिकवावे.

जुने झाले म्हणजे टाकायचे नाही

फडक्याला उतरत्या पायऱ्या असतात. नवे असताना ते बॉडीसाठी. थोडे खरखरीत वाटले, की डॅशबोर्ड व दरवाजांच्या कडांसाठी. त्यानंतर चाके व टायरसाठी, आणि शेवटी इंजिन व हत्यारे पुसण्यासाठी. यासाठी एक सोपी खूण करावी. प्रत्येक पायरी उतरताना कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा एक टाका घालावा. अक्षरओळख नसलेला पोऱ्याही टाके मोजू शकतो. एक नियम मात्र पक्का असावा : खाली उतरलेले फडके कितीही स्वच्छ धुतले तरी पुन्हा वर चढवायचे नाही.

परीक्षा सोपी आहे. कोरड्या तळहातावरून फडके फिरवावे. चांगले फडके कातडीला किंचित अडकते. काचेवर चमचाभर पाणी सांडून पुसावे. पाणी ढकलले जाऊ लागले तर त्याची बॉडीची सेवा संपली असे समजावे.

जिवाशी खेळ नको

हा कृत्रिम धागा उष्णतेने वितळतो. गरम सायलेन्सरजवळ किंवा वेल्डिंगच्या ठिणग्यांत तो वितळून कातडीला चिकटतो. अशा ठिकाणी जाड सुती कापडच वापरावे. पेट्रोल किंवा थिनरने भिजलेले फडके धुण्याच्या यंत्रात घालू नये; आग लागण्याचा धोका असतो. लाकडाला अळशीचे तेल लावणाऱ्या कारागिरांनी तर अधिक जपावे. त्या तेलाचे बोळे ढिगात ठेवले तर आपोआप तापून पेट घेतात. ती फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावीत.

अगदी निकामी झालेली तेलकट फडकी जाळू नयेत, त्यांचा धूर प्लास्टिकचा असतो. उद्योगांतून निघणाऱ्या तेलकट चिंध्यांचा समावेश 2016 च्या नियमांत घातक कचऱ्यात केलेला आहे. तेव्हा त्या वेगळ्या साठवून रीतसर सोपवाव्यात. धुण्याच्या पाण्यातूनही बारीक प्लास्टिकचे तंतू वाहून जातात. मोरीच्या तोंडाशी दाट विणीचे कापड बांधल्यास त्यातील काही भाग तरी अडतो.

फडके ही क्षुल्लक वस्तू खरी. पण गिऱ्हाईक आपल्या कसबाची पारख शेवटच्या चकाकीवरून करते, आणि ती चकाकी याच क्षुल्लक वस्तूच्या हाती असते. आठवड्यातला अर्धा तास फडकी निवडण्यास दिला, तर नव्या फडक्यांवरचा खर्च घटेल, काम नीटनेटके होईल आणि गिऱ्हाईकही टिकेल. आमचे बांधव याचा अनुभव घेऊन पाहतील, अशी आम्हाला आशा आहे.