मुलाम्यावरचा ओरखडा

गेल्या दिवाळीनंतर माझा पुतण्या घरी आला तो मनगट पुढे करूनच. त्याचे गुलमंडीवर दुकान आहे. लग्नात सासऱ्यांनी दिलेले काळ्या लेपाचे घड्याळ शटर ओढताना घासले गेले होते आणि केसच्या कडेवर दोन ओरखडे उमटले होते. "काका, टूथपेस्टने घासले की निघतात म्हणे. सासरी जाण्याआधी करून टाकू का?" मी त्याला थांबविले. हा प्रयोग मी एकदा केला आहे, आणि त्याचा परिणाम आजही माझ्या कपाटात आहे.

१९८२ साली मी बँकेत रुजू झालो, तेव्हा वडिलांनी मला सोनेरी मुलाम्याचे एचएमटी घड्याळ दिले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे सुरू झालेल्या या सरकारी कारखान्याचे घड्याळ म्हणजे त्या काळी नोकरी लागल्याची जणू पावतीच. दहा-बारा वर्षांनी एका लग्नाच्या आदल्या रात्री त्यावरचे बारीक चरे मला खुपू लागले. पितळी भांडी घासण्याची पावडर फडक्यावर घेऊन मी अर्धा तास ते घासले. चरे गेले, सोबत सोनेही गेले. कडांवर पितळ उघडे पडले आणि दोन उन्हाळ्यांच्या घामाने तेथे हिरवट कळंक चढला. वडिलांनी एकदा ते हातात घेतले, निरखून पाहिले आणि काही न बोलता परत दिले. ते न बोलणे मी विसरलेलो नाही.

पॉलिश म्हणजे ओरखडा भरून काढणे नव्हे. ओरखड्याच्या आजूबाजूचा धातू त्याच्या तळापर्यंत झिजविणे, एवढेच पॉलिश करते. अखंड स्टीलच्या घड्याळाला हे सोसते. मुलाम्याची जाडी मात्र मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. वहीचा कागद साधारण शंभर मायक्रॉनचा असतो. जुन्या चांगल्या घड्याळांवर सोने दहा किंवा वीस मायक्रॉन असे, आणि स्वस्त घड्याळांवर ते एक मायक्रॉनही नसते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर येथे मुद्दलच चिमूटभर आहे. पॉलिशचा प्रत्येक हात त्यातूनच वजा होतो.

आजचे काळे वा सोनेरी लेप बहुधा निर्वात भट्टीत चढविलेले असतात. त्यांना पीव्हीडी म्हणतात. वाळूजच्या यंत्रशाळांत सोनेरी रंगाची ड्रिल वापरतात, त्यांच्यावरील टायटॅनियम नायट्राइडचा लेप याच जातीचा. तो स्टीलपेक्षा कितीतरी कठीण असतो. पण जाडी अवघी काही मायक्रॉन. मऊ गादीवर काच ठेवावी, तशी त्याची गत असते. साध्या घर्षणाला तो दाद देत नाही. परंतु जोराचा ठोका बसून खालचे स्टील दबले, की वरचा लेप तडकतो.

म्हणून उपायापूर्वी निदान करावे. घड्याळ जलरोधक असेल आणि चावी नीट बंद असेल, तर कोमट साबणपाण्याने मऊ ब्रशने धुवावे. जुन्या घड्याळाला केवळ ओलसर फडके लावावे. कठीण लेपावर दिसणारा 'ओरखडा' पुष्कळदा ओरखडा नसतोच; शटरचा किंवा किल्लीचा मऊ धातू वर चिकटलेला असतो. धुऊनही तो न निघाल्यास पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून पाहावे. मात्र सोन्याच्या पातळ मुलाम्यावर खोडरबरही वापरू नये.

डाग निघाला नाही, पण नखाला खाच लागत नाही, तर ओरखडा लेपापुरता आहे. तो तसाच राहू द्यावा. खाच लागत असेल आणि आतला धातू चमकत असेल, तर तो धातू कोणता हे महत्त्वाचे. स्टेनलेस स्टील असेल, तर हानी केवळ रूपाची. काळ्या केसवर कायम शाईच्या पेनाचा ठिपका काही दिवस ती झाकतो. पितळ असेल, तर घाम रोज पुसणे अत्यावश्यक, अन्यथा कळंक मुलाम्याखाली पसरतो.

सोन्याचा मुलामा पुन्हा चढविता येतो. त्यासाठी मशीन, काच आणि रबरी कड्या आधी बाहेर काढाव्या लागतात. किती मायक्रॉन चढविणार, हे कारागिराकडून लिहून घ्यावे आणि जलरोधक घड्याळ बंद केल्यावर त्याची पुन्हा चाचणी करून घ्यावी. पीव्हीडीचे काम मात्र गल्लीतील दुकानात होत नाही. जुना लेप उतरवून निर्वात भट्टीत नवा चढवावा लागतो. तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रात नवी केस मिळते का, हे आधी विचारावे.

आपल्या शहराच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू स्टीलहून कठीण असते. म्हणून कोरड्या फडक्याने घड्याळ पुसू नये. आधी फुंकर मारून धूळ उडवावी. किल्ल्यांच्या जुडग्यासोबत ते गल्ल्यात टाकू नये, आणि शटर ओढण्यापूर्वी मनगटावरून काढावे.

पुतण्याचे घड्याळ आम्ही धुतले. एक ओरखडा शटरच्या धातूचा निघाला, पुसला गेला. दुसरा खराच होता; तो तसाच ठेवून तो सासरी गेला.

माझे घड्याळ मी नंतर एका कारागिराला दाखविले. नव्या मुलाम्यासाठी कडा पुन्हा घासाव्या लागतील, असे तो म्हणाला. मी ते तसेच परत आणले. रोज सकाळी त्याला चावी देतो. वेळ ते आजही बरोबर दाखविते.