गल्ला मोजला, माणसे कोण मोजणार?

नवा हिंदी चित्रपट शुक्रवारी पडद्यावर आला की रविवारची रात्र सरते न सरते तोच त्याच्या यशापयशाचा निवाडा जाहीर होतो. निवाड्याचे माप एकच : कोटी रुपये. २००८ साली ‘गजनी’ने देशातील निव्वळ उत्पन्नात शंभर कोटींची मर्यादा ओलांडली, तेव्हापासून ‘शंभर कोटींचा क्लब’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढे २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ने दोनशे कोटींचा आणि २०१४ च्या ‘पीके’ने तीनशे कोटींचा टप्पा गाठला. धंदा म्हटला की हिशेब आलाच. त्यात वावगे काही नाही. परंतु हाच आकडा लोकप्रियतेचा पुरावा म्हणून जनतेसमोर मांडला जातो, तेव्हा तो पारखून घेणे प्राप्त आहे.

एके काळी यश आठवड्यांनी मोजले जाई. पंचवीस आठवडे भरले की रौप्यमहोत्सव, पन्नास भरले की सुवर्णमहोत्सव. १९४३ चा ‘किस्मत’ कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चे आरंभी थंडे स्वागत झाले, तो पडला, असे जाणकार म्हणू लागले. परंतु पाहून आलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगितले, आणि मुंबईच्या मिनर्व्हात त्याने पाच वर्षे मुक्काम ठोकला. त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ या अल्प खर्चाच्या चित्रपटाने उदंड यश मिळविले. आजच्या रीतीने न्याय झाला असता, तर ‘शोले’ पहिल्या सोमवारीच निकालात निघाला असता! महोत्सवाच्या हव्यासापायी कित्येक चित्रपट रिकाम्या खुर्च्यांपुढे रेटले जात, हेही खरे. तथापि त्या मापात प्रेक्षकाच्या पसंतीला मुरावयास अवधी होता.

रुपयाचे माप मुळातच फसवे आहे. सरासरी तिकीट अडीचशे रुपयांचे धरल्यास शंभर कोटींसाठी चाळीस लाख तिकिटे पुरतात. पन्नास रुपयांचे धरल्यास दोन कोटी तिकिटे खपावी लागतात. गल्ला एकच, पण माणसे पाचपट! शिवाय, कोणता आकडा खरा मानावयाचा? करासह ढोबळ उत्पन्न निराळे, कर वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न निराळे, आणि चित्रपटगृहाचा वाटा गेल्यावर वितरकाच्या हाती पडणारा हिस्सा त्याहून निराळा. जाहिरातीत अर्थातच सर्वांत फुगलेला आकडा झळकतो. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका निर्मात्यानेच वठवावयाच्या, असा हा मामला आहे.

कोणी म्हणेल, यात सामान्य माणसाचे काय गेले? आमच्या मते, पुष्कळच गेले आहे. माप बदलले की मालही बदलतो. १९९७ साली दिल्लीत पहिले मल्टिप्लेक्स उघडले. त्यानंतर महागड्या तिकिटांची नवी चित्रपटगृहे वाढत गेली आणि स्वस्त तिकिटांची जुनी एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद पडली. चाळीस लाख सुखवस्तूंच्या खिशातून शंभर कोटी निघत असतील, तर दोन कोटी सामान्यांची आवड निर्मात्याने कशासाठी विचारात घ्यावी? चौघांच्या कुटुंबाने सिनेमाला जावयाचे म्हणजे महिन्याच्या खर्चाला कात्री लावावयाची, अशी वेळ ज्यांच्यावर आली, ते या विक्रमांच्या हिशेबात कोठेच नाहीत.

उपाय अवघड नाही. फ्रान्समध्ये चित्रपटाचे यश खपलेल्या तिकिटांच्या संख्येने मोजतात. आपल्याकडेही आता बहुतेक तिकिटे संगणकावरच निघतात; मोजदाद आपोआप होते, ती प्रसिद्ध करण्याची इच्छा तेवढी हवी. निर्माते व चित्रपटगृहचालक यांच्या संघटनांनी दर आठवड्याची तिकीटसंख्या तपासून जाहीर करावी. हिंदी चित्रपट स्वतःला जनतेची कला म्हणवितो. तो किती जनतेने पाहिला, हे सांगावयास त्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. आणि वाटत असेल, तर ते कारण जनतेला कळलेच पाहिजे.